दऱ्या की दर्या? : जुना संगणक न सोडणाऱ्यांची गोष्ट

नवलाख उंबरे हे माझे गाव. मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाड्याच्या उत्तरेला. गावाचे नाव सांगितले की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, उंबरे म्हणजे उंबराची झाडे की घरांचे उंबरठे? दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलणारे गावात आहेत, त्यांच्यात मी पडत नाही. मला या नावाचा त्रास वेगळाच आहे. नाव एकटे असते तोवर ठीक चालते, त्याला विभक्ती लागली की गडबड होते. उंबरे, उंबऱ्याला, उंबऱ्याचा. या ‘ऱ्या’मध्ये जो आडवा, डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र आहे, तो गेली वीस-पंचवीस वर्षे माझ्या गावाच्या नावातून सारखा गळतो आहे. कुठल्या पत्रात, कुठल्या पाटीवर, कुठल्या लग्नपत्रिकेत ‘उंबर्याचा’ असे छापून येते. पापणी जाते आणि य च्या डोक्यावर रफार बसतो.

वाचणारा समजून घेतो, हे मला मान्य आहे. पण मराठीत हे दोन र वेगळे आहेत ते उगीच नाहीत. आचार्यास दक्षिणा द्यायची असते आणि आचाऱ्यास मजुरी. आमच्या मावळात दऱ्या आहेत, दर्या नाही. दर्या पाहायचा तर बोरघाट उतरून खाली जावे लागते. छापलेल्या कागदावर मात्र मी मावळाचा दर्या अनेकदा पाहिला आहे.

माझ्या घरी मागच्या खोलीत एक पेंटियम संगणक आहे. त्यात विंडोज ९८, पेजमेकर ६.५ आणि मराठी फॉन्टचे एक जुने सॉफ्टवेअर. त्याच्या पडद्याची काच फुगीर आहे आणि सुरू होताना तो जात्यासारखा आवाज करतो. त्यावर ‘उंबऱ्याचा’ लिहिले की ‘उंबऱ्याचा’च उमटते, काल लिहिले तरी आणि वीस वर्षांपूर्वी लिहिले असले तरी. घरी येणारी तरुण मंडळी त्याच्याकडे कौतुकाने पाहतात आणि विचारतात, “काका, हे अजून का ठेवलंय? हौस म्हणून?” मी बरीच वर्षे हो म्हणत आलो, कारण उत्तर सोपे होते. मग अशाच जुन्या यंत्रांना धरून बसलेली माणसे शोधू लागलो: तळेगाव, वडगाव, कामशेत, पुण्याच्या पेठा, पुढे नगर-सातारपर्यंत. त्यातून हे लक्षात आले की हौस हे उत्तर अपुरे आहे, निदान आपल्याकडे तरी.

जगात अशा हौशी लोकांची कमतरता नाही. अमेरिकेत कमोडोर कंपनीने १९८५ मध्ये अमिगा नावाचा संगणक काढला. चित्र, आवाज आणि एकाच वेळी अनेक कामे या तिन्ही बाबतींत तो त्या काळच्या आयबीएमच्या संगणकाच्या पुढे होता. १९९४ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, पण अमिगावाले लोक आजही त्या यंत्रांना नवे भाग बसवून ती चालवतात. इंग्लंडात एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो १९८१ मध्ये आला. तो आपल्याकडेही येऊन गेला हे आता फारसे कोणाच्या लक्षात नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प काढला, तेव्हा देशभरच्या निवडक शाळांत हीच यंत्रे बसवली होती. त्याच एकॉर्नने १९८५ मध्ये स्वतःची एक चिप तयार केली. तिचाच वंश आज आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. एकॉर्नची रिस्क ओएस ही प्रणाली वापरणारे लोक आजही आहेत. ती तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावर चालते. कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी २०१४ मध्ये टीव्हीवर सांगितले की ते डॉसवरच्या वर्डस्टार ४ मध्ये लिहितात, कारण तो त्यांचे शब्द परस्पर दुरुस्त करत नाही. लोक हसले. मी हसलो नाही.

या सगळ्यांत मला जवळचा वाटला तो जपानचा दाखला. एनईसी कंपनीने १९८२ मध्ये पीसी-९८०१ हा संगणक आणला. इंग्रजीसाठी बनलेल्या आयबीएमच्या यंत्राला जपानी लिपीची हजारो कांजी अक्षरे पेलत नव्हती. एनईसीने त्या अक्षरांचे आकार चिपमध्ये कोरून यंत्रातच बसवायची सोय केली. परिणाम असा की जगभर आयबीएमची जात पसरत असताना जपान पंधरा वर्षे वेगळ्याच संगणकावर चालला. पुढे १९९० मध्ये आयबीएमने ही अक्षरे नुसत्या सॉफ्टवेअरने साध्या यंत्रावर दाखवून दिली, मग विंडोज आले, आणि २००३ मध्ये एनईसीने ती मालिका बंद केली. कारखान्यांत आणि हौशी लोकांच्या घरांत ती त्यानंतरही चालू राहिली. लिपीसाठी वेगळा रस्ता धरायचा, मग हमरस्त्यालाच ती लिपी येऊ लागायची, आणि वेगळ्या रस्त्यावर जे लिहून ठेवले त्याचे काय करायचे हा प्रश्न मागे उरायचा: हे वाचताना मला जपान दिसलाच नाही, तळेगावचा छापखाना दिसला.

मराठीच्या वेगळ्या रस्त्याची सुरुवात पुण्यात नाही, कानपूरला आहे. तिथल्या आयआयटीत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देवनागरी संगणकावर काम झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि ते काम तिच्याकडे आले. सी-डॅक म्हटले की लोकांना १९९१चा परम महासंगणक आठवतो. मला आठवते ते जिस्ट कार्ड. हे संगणकाच्या आत खाचेत बसवायचे एक पत्र्याएवढे कार्ड होते. ते बसवले की वर्डस्टार, डीबेस असली इंग्रजी माणसांनी इंग्रजीसाठी लिहिलेली सॉफ्टवेअरही मराठी दाखवू लागत. खुद्द सॉफ्टवेअरला पत्ता नसे की आपण मराठी लिहितो आहोत! जपानने चिपमध्ये अक्षरे बसवली, आपण कार्डात बसवली, एवढाच फरक.

या कार्डामागचा विचार मात्र फार पक्का होता. अक्षराचा आकार साठवायचा नाही, उच्चार साठवायचा. ‘कि’ लिहायचे तर आधी क, मग ऱ्हस्व इकार, जसे आपण बोलतो तसे. वेलांटी डावीकडे काढायची हे कार्डाने पाहायचे. या पद्धतीला इस्की म्हणतात. १९९१ मध्ये तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. १९८६ मध्ये ठरलेला इनस्क्रिप्ट कळफलक याच विचाराचा. आणि १९९१ मध्येच जगाच्या सगळ्या लिप्यांसाठी जे युनिकोड निघाले, त्यातली देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरूनच घेतली आहे. म्हणजे आज आपण मोबाइलवर जे मराठी लिहितो त्याचा सांगाडा त्या कार्डाच्या काळातला आहे. मग मध्ये पंधरा-वीस वर्षे आपण कुठे भरकटलो?

त्याचे उत्तर मला पुस्तकांत सापडले नाही, माझ्या बोटांत सापडले. १९९३ मध्ये मी तळेगावच्या एका छापखान्यात लागलो. नववीनंतर शाळा सुटली होती. छापखान्यात एका बाजूला ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या लाकडी केसी, दुसऱ्या बाजूला नव्याने आलेला संगणक. खिळे जुळवणारे एक वयस्कर कंपोझिटर होते, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. मराठीच्या केसीत शेकडो खण असतात: पूर्ण क, अर्धा क, क्ष, त्र, रफार, रफार-अनुस्वार एकत्र, रुकार वेगळा. भिसे, टिळक यांच्यापासून किती जणांनी हे खिळे कमी करायला किंवा झटपट ओतायला डोके लढवले, तो स्वतंत्र विषय आहे. दादांना प्रत्येक खण डोळे मिटून सापडे. त्यांना मी नवा संगणक दाखवला आणि फॉन्टचा तक्ता उघडला. २५६ घरे, त्यातल्या बऱ्याच घरांत एकेक मराठी आकार. दादा चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ही तर केसच आहे रे.”

अगदी खरे होते ते. विंडोज आल्यावर नेमके हेच झाले. विंडोजचे पेजमेकर, कोरल वगैरे प्रोग्राम स्वतःच अक्षरे काढत, मध्ये कोणाच्या कार्डाला शिरू देत नसत. तेव्हा कंपन्यांनी दुसरी युक्ती केली. इंग्रजी फॉन्टमध्ये ए, बी, सीच्या घरांतले इंग्रजी आकार काढून तिथे मराठी आकार ठेवले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी, सी-डॅकचेच आयएसएम, आकृती अशी सॉफ्टवेअर याच वाटेने गेली. संगणकाला वाटते आपण इंग्रजी छापतो आहोत, कागदावर उमटते मराठी. उच्चार साठवण्याचा कानपूर-पुण्याचा विचार मागे पडला आणि आपण पुन्हा खिळ्यांकडे वळलो. वेलांटी आधी, अक्षर नंतर. रफार अक्षराच्या पुढे. अर्धा ग आणि काना मिळून पूर्ण ग. टाइपरायटरवर बोटे बसलेल्या ऑपरेटरांना हे सोपे गेले, त्याचे कळफलक तसेच होते.

याला मागे जाणे म्हणावे का? अभ्यासक म्हणतात, आणि त्यांचे बरोबर आहे. अशा फाइलमध्ये शब्द शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये उघडला की बाराखडीचा कचरा दिसतो. पण ऑफसेटवाल्याला शोधायचे नव्हते, छापायचे होते. हरिनाम सप्ताहाची पत्रिका, पावतीपुस्तके, जत्रेचा हिशोब, सोसायटीचा अहवाल. लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपर काढायचा आणि पुण्याला प्लेट करायला धाडायचा. आणि एका बाबतीत ही खिळ्यांची पद्धत चोख होती: जे दिसते तेच साठते. पापणीच्या र ला तक्त्यात स्वतंत्र खण होता. तो दाबला की तो येई, दुसरे काही येण्याची शक्यताच नव्हती. दऱ्याचा दर्या करायला ऑपरेटरला मुद्दाम चूक करावी लागे.

नवा हमरस्ता आला तो २००० मध्ये. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा देवनागरीचा युनिकोड फॉन्ट फुकट मिळू लागला. तो आपल्या र. कृ. जोशींनी घडवला. जोशी हे सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवत, २००८ मध्ये गेले. इतका मोठा माणूस असूनही मंगलबद्दल छापखान्यांत नाक मुरडले गेले, याचे मला तेव्हाही वाईट वाटले. कारण साधे होते. मंगलमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. लग्नपत्रिकेत ‘शुभ विवाह’ हिंदी श ने छापला तर वधुपिता पत्रिका परत करतो. मी हे पाहिले आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी ल, श आणि ॲ यांची रूपे ठरवून दिली. आता ॲचेच पाहा. ‘ॲड्रेस’, ‘बॅट’ हे आवाज शंभर वर्षे मराठीत आहेत. पण स्वतंत्र ॲ ला युनिकोडमध्ये घर मिळाले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर अ वर अर्धचंद्र चिकटवून वेळ भागवायची. जुन्या फॉन्टमध्ये तो पहिल्या दिवसापासून होता, कारण ग्राहक मागत होता!

आणि पापणीचा र. युनिकोडमध्ये र, हलन्त, य असे लिहिले की रफार येतो, ते नियमाप्रमाणेच आहे. पापणी हवी तर दोन मार्ग. एक, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. इनस्क्रिप्टवर तो शिफ्ट दाबून र च्याच कळीवर आहे. दुसरा मार्ग, र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडणारे चिन्ह. दोन्हींनी पडद्यावर एकच ‘दऱ्या’ दिसते, पण आत दोन वेगळे शब्द आहेत. एका पद्धतीने लिहिलेला दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. शिवाय ते अदृश्य चिन्ह नाजूक. मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात, ईमेलमधून पाटी रंगवणाऱ्याकडे जाताना कोणीतरी ते केराच्या टोपलीत टाकतो, आणि नवलाख उंबऱ्याचे नवलाख उंबर्याचे होऊन पाटीवर चढते. माझ्या गावाची पापणी गळते ती इथे. हे समजायला मला चार वर्षे लागली, कारण दोष दिसत नाही, दोष अदृश्य चिन्हाचा आहे.

बाकीची व्यवस्थाही कूर्मगतीने आली. पेजमेकरला युनिकोड कधीच कळले नाही. २००१च्या सातव्या आवृत्तीनंतर ते वाढलेच नाही. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जोडाक्षरे नीट बसण्याची सोय २०१२ मध्ये, सीएस६ आवृत्तीत झाली. म्हणजे २००० ते २०१२ या बारा वर्षांत छापखान्याच्या माणसाला ‘युनिकोड वापरा’ असे सांगणारे पुष्कळ होते, आणि त्याच्या कामाचे सॉफ्टवेअर युनिकोड घेत नव्हते. तो जुन्या यंत्रावर थांबला तो हट्टाने नव्हे. बारा वर्षे एका जागी थांबलेल्या माणसाची मात्र सवय होते, हेही खरे.

आता माझी गोष्ट. गावाच्या परिसरात एमआयडीसीची चाहूल लागली तेव्हा मी एक खुळ घेतले. शेताशेतांना नावे असतात. सात-बाऱ्यावर गट नंबर असतो, पण माणसे म्हणतात वाऱ्याचा माळ, दऱ्याकडची खाचरं, चिंचेचा टेप, घोड्याची पाणंद. ज्या म्हाताऱ्यांनी ती नावे वापरली ते जात होते, आणि जमीनही जाणार होती. १९९९ ते २००४ या काळात मी सुटीच्या दिवशी फिरून ही नावे गोळा केली. प्रत्येक नावापुढे कोणी सांगितले, नाव कशावरून पडले, शेजारचे शेत कोणते. चारशेच्या वर नोंदी झाल्या. रात्री छापखाना बंद झाल्यावर मालकांच्या परवानगीने त्याच संगणकावर टाइप करायचो. वह्या फाटक्या होत्या. संगणकात गेले म्हणजे सुरक्षित झाले अशी माझी समजूत. वह्या पुढे घराच्या कौलांतून गळलेल्या पाण्यात गेल्या.

छापखाना २००६ मध्ये बंद झाला. मालकांनी मला पगाराच्या थकबाकीपोटी तो संगणक दिला. आठ-नऊ वर्षांनी वाटले, हे आता युनिकोडमध्ये न्यावे म्हणजे कोणाला तरी उपयोगी पडेल. पुण्यात पैसे घेऊन रूपांतर करून देणारे एकजण होते. सीडी दिली, आठवड्याने फाइल आली. वरवर उत्तम होती. मी आनंदाने जुन्या यंत्रावरचा ‘निरुपयोगी’ फोल्डर पुसून टाकला, जागा हवी होती म्हणून. महिन्याभराने वाचायला बसलो तेव्हा वाऱ्याचा माळ ‘वार्याचा’ झाला होता, दऱ्याकडची खाचरं ‘दर्याकडची’, आणि काही ठिकाणी तो आकार ओळखताच न आल्याने अक्षरच गळून पडले होते. रूपांतराच्या तक्त्यात पापणीच्या र चा खण कोणीतरी भरलाच नव्हता. ‘वार्याचा’ हे मी दुरुस्त करू शकत होतो. पण गळालेल्या जागी काय होते ते कसे ओळखणार? ‘चा_याची’ म्हणजे चाऱ्याची की चारोळ्याची? सांगणारी माणसे राहिली नव्हती. मूळ सीडीला बुरशी लागली होती.

ही चूक रूपांतर करणाऱ्याची जेवढी, तेवढी माझी आहे. मी ती नावे बरीच वर्षे एका यंत्राच्या पोटात कोंडून ठेवली आणि त्यालाच जतन समजलो. जुने यंत्र धरून बसणाऱ्या आम्हा लोकांचा हा दोष मोठा आहे. आमच्यातल्या कित्येकांची सॉफ्टवेअरही चोरून आणलेली असतात, म्हणून नवी आवृत्ती मागायला तोंड नसते. ‘नवीन सगळं बोगस’ म्हणायचे आणि शिकायचे टाळायचे, असेही लोक भेटले. त्यांच्या कपाटांत पंचवीस-तीस वर्षांचा मराठी मजकूर पडून आहे: गावोगावची स्मरणिका, संस्थांचे इतिहास, कवितासंग्रह, दिंडीच्या वह्या. तो कोणालाही शोधता येत नाही. मराठी संगणकावर उशिरा आली असे म्हणतात. खरे तर ती लवकर आली, पण अशा पेट्यांत बसून आली की त्यांच्या किल्ल्या यंत्राबरोबर मरतात.

किल्ली हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. या सॉफ्टवेअरांबरोबर ‘लॉक’ येत असे. काडेपेटीएवढा प्लास्टिकचा ठोकळा, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या जागी लावायचा. तो नसेल तर सॉफ्टवेअर सुरू होत नाही. नव्या संगणकांना ती जागाच नसते, आणि नव्या ६४-बिट विंडोजवर जुने १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत. म्हणून यंत्र जपायचे ते यंत्रासाठी नव्हे, त्या पंचवीस भोकांसाठी. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगतात, ते बदलायचे. घड्याळाची बटनसेल संपते, ती बदलायची. हार्ड डिस्क कुरकुरू लागली की तिच्या जागी कॅमेऱ्याचे सीएफ कार्ड एका जोडपट्टीवर बसवायचे, यंत्राला फरक कळत नाही. सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळते. तिथे नाही मिळाले तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात. तळेगावहून सकाळची लोकल धरली तर दुपारपर्यंत परत येता येते. तिथे उकिडवे बसून मदरबोर्ड चाळणारे नेहमीचे पाच-सहा चेहरे मला ठाऊक आहेत. नावे विचारली नाहीत कधी. “काय शोधताय?” एवढेच विचारतो आम्ही एकमेकांना. दोघे कारखान्यांतले आहेत. आमच्याच गावाजवळच्या एका वर्कशॉपात तार-कटिंगचे मशीन आजही अशाच जुन्या संगणकाच्या कार्डावर चालते. मशीन ठणठणीत आहे, त्याच्या कार्डाला बसायला नव्या संगणकात खाच नाही. त्यांना ना हौस आहे ना आठवणींचा लळा. मशीन बदलायचे तर काही लाख लागतात आणि हे काम करते आहे, म्हणून.

माझे लॉक २०१७ मध्ये गेले. त्यानंतर वर्षभर ते यंत्र नुसते ठोकळा होते. मग वडगावातल्या एका जुन्या ऑपरेटरांची माहिती मिळाली, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांच्याकडे तेच सॉफ्टवेअर, तेच लॉक. मी फोन केला. “अण्णा, एक दिवस लॉक द्याल का?” म्हटले. ते म्हणाले, “लॉक देणार नाही. तुम्ही या, बसा, काय करायचंय ते इथं करा.” गेलो. बोलता बोलता मी शेतांच्या नावांचे सांगितले. ते उठले, माळ्यावरून फ्लॉप्यांचा एक डबा काढला. आमच्या छापखान्यातून २००३ मध्ये एका स्मरणिकेचे काम त्यांच्याकडे आले होते. त्या स्मरणिकेसाठी मी माझ्या यादीचा एक भाग दिला होता, हे मी साफ विसरलो होतो. अकरा फ्लॉप्यांपैकी सात वाचल्या गेल्या. सुमारे दीडशे नोंदी मूळ रूपात परत मिळाल्या. त्या आम्ही दोघांनी पडद्यावर एकेक वाचून युनिकोडमध्ये हाताने टाइप केल्या, ऱ घेऊन, त्याचा पाय मोडून. अदृश्य चिन्हावर विश्वास ठेवला नाही. चा_याची चाऱ्याचीच निघाली. उरलेल्यांपैकी काही नावे गावातल्या दोन म्हाताऱ्या बायकांनी सांगितली. एकोणतीस जागा अजून रिकाम्या आहेत. कागदावर तीन प्रती काढून ठेवल्या आहेत, एक शाळेत, एक देवळात, एक माझ्याकडे.

गेल्या चैत्रात अण्णांच्या नातवाने त्यांना नवा लॅपटॉप घ्यायचे ठरवले. मलाही बरोबर नेले. दुकानातल्या मुलाने तो उघडून मराठी कळफलक लावून दिला. अण्णांनी चष्मा लावला, दोन बोटांनी सावकाश टाइप केले: दऱ्याखोऱ्यातला मावळ. बरोबर उमटले. फाइल बंद करून परत उघडली, दुसऱ्या प्रोग्राममध्ये चिकटवली, नातवाच्या मोबाइलवर पाठवून पाहिली. सगळीकडे पापणी जागेवर. अण्णांनी मान डोलावली. “झालं की हो यांचं,” मला म्हणाले. मग लॅपटॉप हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि दुकानातल्या मुलाला विचारले, “आणि पंचवीस पिनांची जागा कुठंय?”